तळघरातल्या मुठी

४ मार्च, रविवार

हे रजिस्टर मुठींचं आहे. पुढच्या पानांवर मुठींचे क्रमांक आहेत, कुठली कुठे मिळाली ते आहे. आज उलटं धरून मागच्या पानापासून दुसरंच काही लिहायला घेतोय. व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "घरच्या माणसांनी लिहावं, मिस्टर क्रेचारेक. मनात साचत नाही." मनात साचलंय की नाही ते मला माहीत नाही. पण माझी मुलगी कोरीन शुक्रवारी तिथून घरी येणार, तर बाई सांगतील ते करायचं असं ठरवलंय.

बाईंनी विचारलं, घरात दारू आहे का? बिअरचे दोन डबे आणि नाताळातली अर्धी ब्रँडी होती, ती सकाळीच माझ्या जुन्या मित्राला, डेल्बर्टला, देऊन टाकली. मग म्हणाल्या, "आणखी काही, तिला आठवण होईल असं?"

मला तळघर आठवलं. मग सांगितलं. बारमध्ये बिअरचा नळ असतो, त्याच्या डोक्यावर मूठ असते, बारवाला ती धरून ओढतो. लाकडाची असते, पितळेची असते, माशाच्या आकाराची, बुटाची, गाईच्या डोक्याची. बिअर बंद पडली की मूठ कचऱ्यात जाते. चौतीस वर्षं मी तीन काउंटींतल्या बारमधल्या बिअरच्या नळ्या धुतल्या. कचऱ्यात जाणाऱ्या मुठी मागून आणल्या आणि तळघरात फळ्यांवर लावल्या.

"किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"तेराशे बारा."

पलीकडे पेन ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांत दारूचा थेंब नसतो," मी म्हणालो. "नुसतं लाकूड."

"तुमच्या मुलीलाच विचारा," त्या म्हणाल्या.

९ मार्च, शुक्रवार

कोरीन आली. बारीक झाली आहे, पण डोळे स्वच्छ आहेत. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने माझ्या टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "अजून हीच टोपी? लाज नाही वाटत?" मला इतकं बरं वाटलं की मी तिची पिशवी बर्फातच टाकली.

लोणच्यातल्या काकड्यांचं सूप केलं होतं, तिच्या आईच्या हातचं असायचं तसं नाही, पण तिने दोनदा घेतलं. मग मी विचारलं, तळघराचं काय करू? काढून टाकू का सगळं?

"वेडा आहेस का, डॅड? मी काय मुठी चाटणार आहे?"

आम्ही दोघं खाली गेलो. लहानपणी रविवारी दुपारी ती मला मुठी लावायला मदत करायची. अजून तिला बऱ्याच आठवतात. ही टू रिव्हर्स गावातली, ही त्या एका डोळ्याच्या बाईच्या बारमधली, ही तू जुन्या टायरच्या बदल्यात घेतलीस. अर्धा तास असं चाललं होतं. अठ्ठावीस दिवस तिकडे राहून आली आणि पहिल्याच दिवशी हसली. आता सगळं ठीक होईल असं मला वाटतं.

२१ मार्च, बुधवार

कोरीनने आपणहून एक काम अंगावर घेतलं. म्हणाली, "डॅड, फळ्यांवर किती धूळ आहे! मी पुसून काढते एकेक." रोज जेवण झालं की खाली जाते, दोन-दोन तास असते. तळघरात ओल येते म्हणून फळ्या मी भिंतीपासून वीतभर पुढे लावल्या आहेत. त्या फटीत मागेसुद्धा हात घालून पुसते म्हणे. इतकी वर्षं मी तिथे कधी फडकं फिरवलं नाही.

रोज सकाळी धक्क्यावर दीपस्तंभापर्यंत चालायला जाते. परत येते तेव्हा गाल लाल झालेले असतात. तोंडात सतत पेपरमिंट. केंद्रात गोड खायची सवय लागते असं ऐकलंय, मी दुकानातून मोठं पाकीट आणून ठेवलं.

दात साफ करायच्या तिच्या कामावर तिला परत घ्यायला डेंटिस्ट तयार आहे, असं ती म्हणते. मेमध्ये बोलावणार आहे. अजून हात जरा थरथरतात. औषधांमुळे असेल.

१ एप्रिल, ईस्टर

आज सणाच्या दिवशी भांडण झालं. लिहून टाकतो.

बर्निस हॅम घेऊन आली. माझी ही बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि साठ वर्षांनी मोठी असल्यासारखं बोलते. दारातच थांबली, कोट न काढता. कोरीन वर केस वाळवत होती.

"नॉर्बर्ट, घरात वास येतोय."

"कसला?"

"तुला काय कळणार. तुझं नाक मेलंय."

खरं आहे. एका बारच्या कोंदट तळघरात नळ्या धुवायचं रसायन तोंडावर फुटलं, त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून मला ना कॉफीचा वास येतो, ना घाण मारणाऱ्या स्कंक प्राण्याचा. डेल्बर्ट म्हणतो, याचा मला फायदाच झाला आहे.

"जुन्या लाकडाला वार्निश लावलंय," मी म्हणालो.

"वार्निश मी ओळखते. आपला बाप काय पीत होता तेही ओळखते."

मग माझा तोल गेला. मी म्हणालो, तुला आमचं बरं झालेलं बघवत नाही. मुलगी चालतेय, खातेय, झाडलोट करतेय, आणि तू नाक घेऊन आलीस. बर्निस कोटाची बटणं लावत म्हणाली, "नऊ वर्षांची होती तेव्हा तू तिला बारमध्ये स्टुलावर बसवून ठेवायचास. चौदा वर्षांची झाली तेव्हा शुक्रवारी बारमध्ये तळलेल्या माशांबरोबर तिच्यापुढे बिअरचा ग्लास ठेवलास. मी तेव्हा बोलले होते. तेव्हाही तुला वास आला नव्हता, आणि तेव्हा तर तुझं नाक चांगलं होतं."

हॅम ठेवून निघून गेली. कोरीन खाली आली आणि विचारू लागली, आत्या कुठे? मी म्हणालो, तिचं डोकं दुखत होतं. कोरीनने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझंही दुखतंय," आणि वर गेली.

आमच्याकडे सगळेच बाप पोरांना बारमध्ये नेत. मी नळ्या धुवायचो तेवढा वेळ ती स्टुलावर बसून चेरी घातलेलं लाल सरबत प्यायची. बारवाल्या बाया तिचे लाड करायच्या. त्यात वाईट काय होतं? आज दुपारभर हेच मनात घोळतंय.

१४ एप्रिल, शनिवार

वेड टेसला घेऊन आला. वेड म्हणजे कोरीनचा आधीचा नवरा, ॲपल्टनला राहतो. टेस त्या दोघांची मुलगी, नऊ वर्षांची. कोर्टाने दर दुसऱ्या शनिवारी दोन तास दिले आहेत, तेही माझ्या घरी, माझ्यासमोर. कोरीन पीत नाही असं दिसत राहिलं तर उन्हाळ्यात वाढवतील.

पहिला तास फार छान गेला. दोघींनी पॅनकेक केले, टेसच्या नाकाला पीठ. मग कोरीन सोफ्यावर टेकली आणि तिला झोप लागली. हाक मारली तरी उठेना. टेसने तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि मला हळूच विचारलं, "आजोबा, मम्मी आजारी आहे का?"

"दमली आहे बाळा. तुझ्यासाठी सकाळपासून खपतेय."

टेस म्हणाली, "आधी पण अशीच दमायची."

मी तिला तळघरात नेऊन गाईच्या डोक्याची मूठ दाखवली. तिला ती देऊ केली. तिने नको म्हटलं.

२ मे, बुधवार

आज मी दुपारी लवकर घरी आलो. कोरीन तळघराच्या पायरीवर बसून रडत होती. मुठींच्या भिंतीकडे तोंड करून. मला पाहिलं तशी उभी राहिली, कठड्याला धरून.

"काय झालं?"

"काही नाही. मला हे जमत नाहीये, डॅड."

"काय जमत नाहीये?"

तिने हाताने भिंतीकडे दाखवलं. नुसतं दाखवलं, बोलली काही नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. केंद्रातल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवण होईल असं काही. तेराशे आठवणी मी भिंतीला ठोकून ठेवल्या आहेत आणि तिला रोज पुसायला लावतोय! ती मला दुखवायचं नाही म्हणून काढ म्हणत नाही, एवढंच.

ठरलं. सगळ्या मुठी काढायच्या.

खरं सांगायचं तर, हे ठरवल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन उलट्या बादलीवर बसलो आणि मलाच रडू आलं. ते कोरीनसाठी नव्हतं, मुठींसाठी होतं. कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो.

५ मे, शनिवार

कोरीनला सांगितलं. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. ती पांढरीफटक पडली.

"नको! डॅड, हात लावू नकोस. प्लीज."

"अगं, तुझ्याचसाठी—"

"माझ्यासाठी काही करू नकोस! कोणी सांगितलंय तुला? तुझं सगळं आयुष्य आहे तिथे!"

"लाकूड आहे ते."

"मग मी काढते. मी एकटी काढते. हळूहळू. तू खाली येऊच नकोस, तुझे गुडघे..."

किती जीव आहे पोरीचा माझ्यावर. डेल्बर्टला फोन करून पुढच्या शनिवारी बोलावलं आहे. तिला म्हटलं, डेल्बर्ट आणि मी दोन तासांत उरकतो, तू त्या दिवशी खाली पाऊलसुद्धा टाकू नकोस, त्रास होईल. टेसचा फेरा वेडने त्या दिवशीपुरता रद्द केलाय. तू सिनेमाला जा.

१२ मे, शनिवार

डेल्बर्ट खोकी घेऊन आठलाच हजर. आम्ही दोघं तीस वर्षं एकत्र मुठी गोळा करतोय. त्याच्याकडे नऊशे आहेत. "म्हातारपणी मला श्रीमंत करतोयस," म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरलेला होता. मी म्हणालो, सगळ्या तू ने. निदान मला त्यांना भेटायला येता येईल.

मी वरच्या रांगा काढत होतो, तो खालच्या. वरच्या रांगांवर बोटभर धूळ होती. पुसलेला फक्त घर तापवायच्या भट्टीजवळचा कोपरा. म्हटलं, तिची पद्धत असेल, कोपऱ्यापासून सुरुवात.

भट्टीजवळची फळी डेल्बर्टने भिंतीपासून ओढली आणि थांबला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी विचारलं, "कंबर धरली का रे?"

"हं," तो म्हणाला. "नॉर्बर्ट, वर जाऊन कॉफी कर जरा. माझ्यात जीव राहिला नाही."

मी कॉफी करून आणली तोवर त्याने एक खोकं टेप लावून बंद केलं होतं. त्यावर क्रमांक घातला नव्हता. मी उचलायला गेलो तर मला हात लावू दिला नाही, स्वतः उचलून गाडीत नेलं. चालताना आतून काच वाजल्यासारखा आवाज आला. काचेच्या मुठी माझ्याकडे चारच, त्या तर दुसऱ्या खोक्यात होत्या. विचारलं तर म्हणाला, "म्हातारा झालास. कान पण गेले."

निघताना त्याने माझा खांदा धरला. डेल्बर्ट कधी कुणाला हात लावत नाही. म्हणाला, "पोरीवर लक्ष ठेव."

फळ्यांवर आता नुसती भोकं आहेत. कोरीन सिनेमाहून आली, सरळ खाली गेली. मला तिची पावलं ऐकू येत होती. एकदम कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. 

वर आली तेव्हा म्हणाली, "थँक यू, डॅड." 

२० मे, रविवार

मुठी गेल्याने फरक पडलाय. आठवडाभर कोरीनला घाम, उलट्या. पोटाची साथ आहे गावात. पण गुरुवारपासून एकदम टवटवीत. दोनदा स्वतःहून चालत दुकानात जाऊन आली. काल गाणं म्हणत होती. म्हणाली, डेंटिस्टचा फोन आला होता, एक जूनपासून ये म्हणाला.

मी बर्निसला फोन केला. म्हटलं, ये आता वास घ्यायला. ती म्हणाली, "नॉर्बर्ट, मला खोटं ठरायला आवडेल." आणि फोन ठेवला.

२७ मे, रविवार

काल काय घडलं ते सरळ लिहितो.

शनिवार टेसचा. पण वेडच्या गाडीचं काहीतरी बिघडलं होतं. कोरीन म्हणाली, मी जाऊन तिला घेऊन येते, तासाभराचा तर रस्ता. वेडला सांगितलंय, तो हो म्हणालाय. वेडला मी स्वतः फोन करायला हवा होता. केला नाही. मला वाटलं, आपण विश्वास दाखवला तर तिला बळ येईल. पिकअपची किल्ली मी तिच्या हातात ठेवली. तिने माझ्या गालाचा पापा घेतला, पेपरमिंट चावत.

साडेअकराला वेडचा फोन. तो कधी आवाज चढवत नाही, कालही चढवला नाही.

"नॉर्बर्ट, कोरीन इथे आहे. ती सुखरूप आहे. कुणाला लागलेलं नाही. तिने गाडीने माझ्या घरापुढची टपालपेटी उडवली. किल्ली मी काढून घेतली आहे. तुम्ही येऊ शकाल का?"

"टेस?"

"मागच्या अंगणात आहे. तिने आवाज ऐकला. तिला कळलंय."

डेल्बर्टने मला नेलं.  कोरीन वेडच्या पायरीवर बसली होती, डोकं गुडघ्यांत. एक चप्पल गवतात. मी तिच्याजवळ बसलो तर ती म्हणाली, "मी हळू चालवत होते, डॅड. खरंच हळू चालवत होते."

वेड मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला एक सांगा. सकाळी तिच्या अंगाला वास येत नव्हता? गाडीचं दार उघडलं तर मला मागे सरावं लागलं."

मी त्याला माझ्या नाकाचं सांगितलं. तो आमच्या घरात सात वर्षं जावई होता, त्याला ते माहीत आहे. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "बाकीचं तरी दिसत होतं ना?"

 खिडकीच्या पडद्यामागे टेस उभी होती. मी हात केला. तिने केला नाही. तिला पाहून कोरीन उठायला गेली आणि तोल जाऊन पुन्हा खाली बसली. टेसने पडदा सोडून दिला.

ती टपालपेटी रस्त्यापासून चार पावलांवर होती. शनिवारी पोरं त्याच रस्त्यावर सायकली चालवतात.

२८ मे, सोमवार

डेल्बर्टने सांगितलं. ते खोकं मुठींचं नव्हतं. फळीच्या मागच्या फटीत व्होडकाच्या चपट्या बाटल्या उभ्या लावलेल्या होत्या, अकरा रिकाम्या आणि दोन भरलेल्या. त्याने त्या नेऊन फोडल्या.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इतका खूश होतास रे. सारखा म्हणत होतास, आता ती सुटेल. मला वाटलं, तिलाच कळेल की कुणाला तरी समजलंय, आणि ती थांबेल."

"टेसला गाडीखाली घातलं असतं तिने!"

"माहीत आहे," डेल्बर्ट म्हणाला. सत्तर वर्षांचा माणूस, टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभा. "परवापासून मला जेवण जात नाही."

मी त्याला जा म्हणालो. तो गेला. मग मी मागची पानं वाचत बसलो. घाम, उलट्या, पोटाची साथ. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. कुणा दुसऱ्याने मला फसवलं असं म्हणायला जागा नाही.

१६ जून, शनिवार

कोरीन पुन्हा केंद्रात. या वेळी घरच्यांची बैठक चुकवली नाही. बर्निसही आली, माझ्या शेजारी बसली. काही टोचून बोलली नाही. त्यानेच जास्त घाबरलो.

बाईंनी सांगितलं, ज्याला जे विचारायचं ते विचारा. मी महिनाभर मनात घोळत असलेलं विचारलं. "बारमधल्या त्या स्टुलांमुळे झालं का? की मी दिलेल्या ग्लासामुळे? मुठींमुळे?"

कोरीन म्हणाली, "मला माहीत नाही, डॅड."

"काहीतरी तर असेल."

"तुला हवंय म्हणून असेल का? तुला एक खिळा सापडायला हवाय, उपटून टाकायला. मला पण हवाय. मिळाला की तुला सांगते."

"मग त्या दिवशी पायरीवर तू भिंतीकडे हात का दाखवलास?"

 "बाटल्या दाखवत होते," म्हणाली. "मला वाटलं होतं, तू जाऊन बघशील."

बर्निसने माझा हात धरला. पासष्ट वर्षांत तिने माझा हात धरलेला मला आठवत नाही.

२९ जून, शुक्रवार

कोरीन अठराव्या दिवशी केंद्र सोडून निघून गेली. सज्ञान माणसाला कुणी डांबून ठेवू शकत नाही, असं बाई म्हणाल्या. कुणाबरोबर गेली ते त्यांनाही माहीत नाही. फोन बंद आहे.

३ जुलै, मंगळवार

फोन बंद.

१५ जुलै, रविवार

मी जुन्या फेरीवर निघालो. चौतीस वर्षं ज्या बारमध्ये नळ्या धुतल्या त्या एकेका बारमध्ये जातोय. आत्तापर्यंत एकोणीस. आत जायचं, फोटो दाखवायचा. सगळे ओळखतात. "अरे, चेरीवाली पोरगी!" एकाने कौतुकाने काउंटरखालून एक नवी कोरी मूठ काढून पुढे केली. म्हणाला, "तुझ्यासाठी ठेवली होती, सोनेरी सॅमन आहे." मी म्हणालो, नको. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. मासा फार सुबक होता.

कोरीनला कुणी पाहिलेलं नाही. बाटली दुकानातून घेऊन पिणारं माणूस बारमध्ये कशाला येईल, हे मला अकराव्या बारनंतर सुचलं. तरी पुढच्या आठ बारांत गेलो. दुसरं काय करायचं ते येत नाही.

८ ऑगस्ट, बुधवार

डेल्बर्ट दारात येऊन उभा राहिला. सॉसेज आणले होते. आम्ही अंगणात बसून ते भाजले. तो म्हणाला, "मुठी खोक्यांतच आहेत. लावल्या नाहीत. कधी हव्या असतील तर..."

"नको."

"बरं."

मग बेसबॉलवर बोललो. त्याला माफ केलं की नाही मला माहीत नाही. सॉसेज तेवढे सगळे संपवले.

११ सप्टेंबर, मंगळवार

कोरीनचा फोन आला. टू रिव्हर्सला आहे, धुलाईच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. मासे साफ करायच्या कारखान्यात काम करते. म्हणाली, "मी घरी राहायला येणार नाही, आणि तू न्यायला येऊ नकोस. पण मंगळवारी सुट्टी असते. जेवायला येऊ का?"

मी म्हणालो, ये.

टेसबद्दल तिने विचारलं. मी सांगितलं, वेडने कोर्टात कागद दिलेत, भेटी थांबल्या. ती म्हणाली, "बरोबर केलं त्याने." मला वाटलं ती रडतेय, पण मशीनच्या आवाजात काही कळलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

बस थांब्यावरून चालत आली. गाल सुजलेले, बोटांना चिरा. दोघांनी मटार-बटाट्याचं सूप खाल्लं. आम्ही हवामानाबद्दल बोललो. ती पितेय की नाही ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. साडेतीनच्या बसने गेली. ती गेल्यावर मी तिचा ग्लास उचलून दिव्यासमोर धरला, जणू त्यात काही दिसणार होतं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

मागच्या मंगळवारी ती आली नाही. आठवडाभर मी रोज धुलाईच्या दुकानापुढून गाडी नेली. थांबलो नाही. वरच्या खिडकीत पडद्याऐवजी टॉवेल लावलाय. बर्निस म्हणाली, "वर जाऊन दार ठोकायचं होतंस." मी म्हणालो, आणि मग काय करायचं? ती कोटाची बटणं लावू लागली. 

आज आली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

कोरीन आज अर्धा तास उशिरा आली. बाहेर वारा फार होता. कोट काढताना एक बाही अडकली, मी सोडवायला गेलो नाही, तिची तिनेच सोडवली.

टेबलाशी बसलो. मी वाढायला घेतलं आणि पळी हातात असतानाच तोंडातून निघून गेलं, "कोरीन, आज प्यायली आहेस का?"

आयुष्यात हा प्रश्न मी तिला कधी सरळ विचारला नव्हता. एकदाही नाही. 

तिने माझ्याकडे पाहिलं. नजर हलवली नाही.

"हो," ती म्हणाली.

मी उभाच होतो. आता पुढे काय म्हणायचं असतं? बाईंनी सांगितलेलं एकही वाक्य आठवेना. रागवावं, रडावं, घराबाहेर काढावं की जवळ घ्यावं, काहीच सुचेना. सूप गार होत होतं.

"जेवतेस ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मी तिची वाटी भरली. मग माझी भरली. ती हळूहळू जेवली, अर्धं टाकलं.  साडेतीनला तिने कोट घातला आणि दारात थांबून म्हणाली, "पुढच्या मंगळवारी विचारशील?"

मी म्हणालो, विचारेन.